चौकटीवरची पितळी नळी

पत्राचा सारांश: अलिबागजवळच्या एका गावातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वर्षभरापूर्वी त्यांनी वाडीतलं जुनं कौलारू घर विकत घेतलं. मूळ मालक कधीच इस्रायलला गेलेले. त्यांच्या पुतण्याने मुंबईहून येऊन कागदपत्रं केली. आता दुरुस्ती काढली आहे. पुढच्या दाराची सागवानी चौकट घासताना, आत शिरताना उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, बोटाएवढी पितळी नळी निघाली. रंगाच्या चार-पाच थरांखाली ती दिसतच नव्हती. नळीवर त्रिशूळासारखी खूण आहे, पण दांडा नाही. आत काहीतरी गुंडाळून ठेवलेलं आहे आणि त्यावर अनोळखी अक्षरं दिसतात. सुतार हात लावायला तयार नाही. सासूबाई म्हणतात ही करणी आहे, अमावास्येच्या आत समुद्रात सोडा. यजमान म्हणतात पितळ आहे, भंगारवाल्याला द्या. शेजारच्या आजी म्हणाल्या, "शनवार तेल्यांचं घर ते, त्यांचा देव असेल." आठवीतली मुलगी विचारते, ज्यू म्हणजे कोण? त्यावर हिटलरच्या धड्यापलीकडे ताईंना काही सांगता आलं नाही. त्यांचे प्रश्न तीन: हे आहे काय? काढलं तर घराला काही होईल का? आणि मुलीला काय सांगू?

ताई,

आधी सुताराला निरोप द्या की त्या एका खांबाला हात लावू नकोस. पॉलिश पेपर नको, थिनर तर अजिबात नको. बाकीच्या घराचं काम खुशाल चालू द्या.

तुमच्या दारावर आहे ती मेझुझा, यहुदी म्हणजेच ज्यू लोक घराच्या चौकटीवर लावतात ती वस्तू. हिब्रू भाषेत या शब्दाचा मूळ अर्थच दाराच्या चौकटीचा उभा खांब. पुढे त्या खांबावर लावायच्या वस्तूलाच ते नाव पडलं. आत शिरताना उजवी बाजू, खांद्याची उंची, हे तुम्ही पत्रात लिहिलंत तेव्हाच ओळख पटली, कारण नियमाने ती तिथेच लावतात. दांडा नसलेला त्रिशूळ म्हणजे 'शीन' हे हिब्रू अक्षर. देवाचं एक नाव 'शद्दाय', म्हणजे सर्वसमर्थ. त्याचं ते आद्याक्षर.

नळी महत्त्वाची नाही. ती पितळेची असो, लाकडाची असो की काचेची. महत्त्वाचं आहे ते आतलं चर्मपत्र. शुद्ध मानलेल्या जनावराच्या कातड्यावर, खास शिकलेला लेखनिक टाकाने हे लिहितो. एकूण २२ ओळी आणि ७१३ अक्षरं. त्यातलं एक अक्षर जरी गळलं किंवा पुसलं, तरी ती मेझुझा बाद. म्हणून सात वर्षांतून दोनदा ती काढून तपासून घ्यायचा प्रघात आहे. (कातड्याचं नाव काढल्यावर सासूबाईंचा चेहरा कसा होईल ते मला दिसतंय. त्यांना मृगाजिनाची आठवण करून द्या.)

त्या २२ ओळींत तोरा या यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथाच्या पाचव्या पुस्तकातले दोन उतारे असतात. पहिल्याची सुरुवात 'शमा इस्राएल' अशी. त्याचा भावार्थ माझ्या शब्दांत सांगते: ऐक इस्राएला, आपला देव एकच. त्याच्यावर सगळ्या मनाने, सगळ्या जिवाने, सगळ्या बळाने प्रेम कर. हे शब्द मुलांना शिकव. घरात बसलास तरी त्यांच्याविषयी बोल, वाटेने चाललास तरी बोल, निजताना आणि उठताना बोल. आणि ते आपल्या घराच्या चौकटींवर लिहून ठेव. या शेवटच्या वाक्याचं पालन म्हणून ती नळी तुमच्या दारावर आहे.

यात करणी कुठे बसते ते मला तरी सापडत नाही. पण सासूबाईंना खुळ्यात काढू नका. दार ही साधी जागा नव्हे, तिथे मुद्दाम काही लावलं तर त्यामागे हेतू असतो, हे त्यांनी बरोबर ताडलं. आपणही उंबरठ्यावर हळदकुंकू वाहतो, तोरण बांधतो, लिंबू-मिरची टांगतो. त्यांची चूक एवढीच की अक्षर ओळखीचं नाही म्हटल्यावर हेतू वाईटच असणार असं त्यांनी धरून चाललं. मोडी कागद पाहून मांत्रिकाचा समजणारे लोक मी पाहिलेत आणि तो कागद निघाला होता गायीच्या खरेदीचा. खुद्द यहुद्यांतही हा वाद जुना आहे. मेझुझा घराचं रक्षण करते असं मानणारे पुष्कळ आहेत. येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांशी नेणारेही आहेत. पण बाराव्या शतकातला त्यांचा सर्वांत मोठा धर्मपंडित मायमोनिडिस याने, मेझुझेत देवदूतांची नावं घुसडून तिचा ताईत करणाऱ्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. देवाच्या एकपणाची आठवण तुम्ही स्वतःच्या फायद्याच्या गंड्यादोऱ्यावर आणून ठेवलीत, असा त्याचा राग.

तेव्हा काढल्याने घराला काही होईल का, याचं उत्तर सरळ आहे: नाही. ही आज्ञा यहुद्यांसाठी आहे, तुमच्यावर तिचं कसलंही बंधन नाही. उलट घर यहुदी नसलेल्या माणसाच्या हाती जात असेल तर जुन्या मालकाने मेझुझा काढून न्यावी, असंच त्यांचं शास्त्र सांगतं. पुतण्याला ती रंगाखाली दिसली नसणार.

आता शेजारच्या आजींचं वाक्य. त्यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही जरा थांबून पाहण्यासारख्या आहेत.

'त्यांचा देव असेल' हे नक्की चूक. या धर्मात देवाची मूर्ती नाही, तसबीर नाही, आणि देवाचं मुख्य नाव उच्चारायचीही मुभा नाही. वाचताना ते आलं की त्याजागी 'प्रभू' या अर्थाचा दुसरा शब्द म्हणतात. त्यांच्या प्रार्थनामंदिरात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, गाभाऱ्याच्या जागी एक कपाट असतं आणि त्यात हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळ्या.

'शनवार तेली' हे मात्र खरं, पण ते इतरांनी ठेवलेलं नाव. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात, म्हणजे इस्राएलची लेकरं. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी की पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं. हे कधी झालं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी असं समाज मानतो. वाचलेले अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या परिसरात पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, आणि ज्या गावात राहिले त्याचं आडनाव घेतलं: किहीमकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, झिराडकर. गावातले बाकीचे घाणे शनिवारी करकरत असत तेव्हा यांचा बैल गोठ्यात रवंथ करत उभा असायचा, म्हणून ते शनवार तेली. ग्रंथ हरवले होते, हिब्रू जवळजवळ विसरली होती. उरलं होतं ते म्हणजे शनिवार, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खाण्याचे नियम आणि ते दोन शब्द, शमा इस्राएल. जन्म असो, लग्न असो की मयत, तेवढंच म्हणायचे.

मग डेव्हिड राहबी नावाचा एक यहुदी त्यांच्यात आला. हे आपलेच लोक का, याची त्याने परीक्षा घेतली म्हणतात. घरातल्या बायकांपुढे त्याने मिसळीची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितली. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. तोराचा नियम नेमका तोच आहे. ही दंतकथा असेल, पण कोकणातली आहे हे तिच्या वासावरूनच कळतं. आजही त्या घरांत पापलेट शिजेल, कोलंबी आणि कुर्ली नाही. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून त्यांच्या मटणात आणि सणाच्या गोडात नारळाचं दूध. नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा करतात तोही नारळाच्या दुधातच. शेजाऱ्यांना दुखवायचं नाही म्हणून गोमांस त्यांनी पूर्वापार टाळलं, धर्माने चालत असूनसुद्धा.

मुलीला काय सांगायचं, यावर माझं एक म्हणणं आहे. शाळेत यहुदी आपल्याला भेटतात ते थेट गॅस चेंबरच्या दाराशी. ६० लाख माणसं मारली गेली हे तिला कळलंच पाहिजे. पण एखाद्या समाजाची ओळख त्याच्या मरणापासून सुरू झाली की ते लोक जगत कसे होते हे विचारायचं राहून जातं. तुमच्याकडे तर दारच आहे. तिथून सुरुवात करा.

तिला सांगा की फार पूर्वी हे लोक इजिप्तमध्ये गुलाम होते. सुटकेच्या रात्री त्यांनी कोकराचं रक्त चौकटीला लावलं आणि मृत्यू ती दारं ओलांडून पुढे गेला, अशी तोरातली कथा. त्याची आठवण म्हणजे वल्हांडण सण. आठवडाभर खमीर घातलेला पाव घरात ठेवायचा नाही, आणि जेवणाच्या ताटाशी धाकट्या मुलाने विचारायचं, आजची रात्र वेगळी का? प्रश्न विचारणं हाच तिथे विधी आहे, हे आठवीतल्या मुलीला नक्की आवडेल. मग त्यांचा पुढारी मोशे याला सीनाय पर्वतावर मिळालेल्या दहा आज्ञा. मग जेरुसलेमचं मंदिर. ते बाबिलोनच्या राजाने इ.स.पू. ५८६ मध्ये पाडलं. पुन्हा उभं राहिलं ते रोमनांनी इ.स. ७० मध्ये जाळलं. त्यानंतर मंदिर झालंच नाही. यज्ञ बंद, पुरोहितांचं काम बंद. एखादा धर्म इथे संपला असता. यांनी तो घरात आणला: जेवणाचं ताट, शुक्रवारची संध्याकाळ, दाराची चौकट. आणि पुस्तकात नेला, कारण पुस्तक उचलून पळता येतं. रब्बी नावाचे शिक्षक पुढे आले, त्यांच्या शतकानुशतकांच्या वादांचा मोठा ग्रंथ झाला तो तालमूद. त्यात हरलेल्या बाजूचं मतही लिहून ठेवतात. या वादांची लागण मेझुझेलाही झालीच. फ्रान्समधला राशी हा पंडित म्हणाला ती उभी लावा, त्याचा नातू म्हणाला आडवी. युरोपातल्या यहुद्यांनी तोड काढली आणि तिरकी लावली! तुमची उभी आहे ना? बेने इस्राएल त्या तंट्यात पडले नाहीत.

शुक्रवारी दिवेलागणीला दोन दिवे लागतात आणि शब्बाथ सुरू होतो. शनिवारी रात्री आभाळात तीन तारे दिसेपर्यंत काम नाही, चूल पेटवणं नाही, व्यवहार नाही. द्राक्षारसावर आशीर्वाद म्हणतात. कोकणात द्राक्षारस कुठला, तर काळ्या मनुका भिजवून, पिळून सरबत करायचे. वर्ष चंद्रावर चालतं आणि ऋतूंशी मेळ बसावा म्हणून १९ वर्षांत ७ अधिक मास घालतात. हे तुमच्या सासूबाईंना सांगा, त्या पंचांगाच्या जाणकार दिसतात. वर्षातला सर्वांत मोठा उपास योम किप्पूर, केलेल्या चुकांची क्षमा मागायचा दिवस. त्याचं कोकणातलं जुनं नाव 'दारफळणीचा सण'. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, अन्न-पाणी वर्ज्य करून दिवसभर आत प्रार्थनेत बसायचं. ते दार बहुधा हेच, ताई, ज्याची चौकट तुम्ही घासायला काढलीत.

नवस-बिवस नसतात का? असतात की. प्रेषित एलियाहूवर त्यांचा फार जीव. गोड पोहे, खोबरं, सुका मेवा, फळं यांचा 'मलिदा' त्याच्या नावाने करतात. त्याचा रथ स्वर्गात जाताना अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर टेकला होता, म्हणून तिथे चाकांच्या खुणा दाखवतात. 'एलियाहू हन्नाबीचा तापा' म्हणतात त्या जागेला. तुमच्यापासून जवळच आहे. मुलीला एका रविवारी घेऊन जा.

तुमच्या पत्रात 'परदेशी लोकांची वस्तू' असा शब्द आलाय. तो मला खटकला, कारण १९४८ मध्ये इस्रायल देश झाला, त्यानंतर हे लोक इथून गेले ते कुणी हाकललं म्हणून नव्हे. युरोपात शतकानुशतकं जो छळ झाला, तो इथे कधी झाला नाही, हे ते स्वतःच सांगतात. आणि गंमत, कसली गंमत म्हणा, तिथे गेल्यावर काही धर्माधिकाऱ्यांना शंका आली की हे अस्सल यहुदी का. लग्नं लावताना वंशावळी विचारू लागले. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ठरवलं की हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत. म्हणजे इथे तुम्ही त्यांना परदेशी म्हणता, तिथे ते 'इंडियन' ठरले. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं, हे मुलीला जरूर सांगा. तिने टीव्हीवर इस्रायलच्या युद्धाच्या बातम्या पाहून काही विचारलंच, तर एवढं सांगा की सरकार वेगळं, धर्म वेगळा, आणि तुमच्या घराचे जुने मालक तिसरेच.

आता नळीचं करायचं काय?

समुद्रात नको. निर्माल्य आणि जुन्या पोथ्या आपण पाण्यात सोडतो, म्हणून सासूबाईंना ते आदराचं वाटतं हे मी समजू शकते. पण यहुदी रीत वेगळी. देवाचं नाव लिहिलेला कागद ते टाकत नाहीत, जाळत नाहीत, बुडवत नाहीत. एका जागी साठवतात आणि मग दफनभूमीत माणसासारखा पुरतात. त्या साठवणीच्या खोलीला 'गनिझा' म्हणतात. कैरोच्या एका सिनेगॉगच्या गनिझात लाखो जुने तुकडे निघाले. त्यात बाराव्या शतकात मंगळुरात राहून मिरी-मसाल्याचा व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजूची पत्रंही होती. एका जुन्या कागदाला न फेकण्याचं फळ किती मोठं असू शकतं, बघा.

भंगारात नको हे सांगायला नकोच. पण ऑनलाइन 'अँटीक' म्हणूनही विकू नका. जुन्या मेझुझांना गिऱ्हाईक आहे आणि फोटो टाकलात की चार फोन येतील. यजमानांना सांगा, पितळ फार तर पन्नास-शंभर ग्रॅम भरेल.

तशीच दारावर ठेवली तर? चालेल, कुणी येऊन तुम्हाला जाब विचारणार नाही. पण कोकणच्या चार पावसाळ्यांत चर्मपत्राची काय गत होते ते तुम्हाला माहीत आहे, आणि तपासून घेणारं घरात कुणी नाही. शोभेची वस्तू म्हणून ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे.

माझा कौल मूळ घराकडे परत देण्याचा. खरेदीखताच्या वेळी पुतण्याचा फोन घेतला असेल, तो काढा. तो नाही लागला, तर अलिबागच्या इस्रायल आळीत मॅगन अबोथ सिनेगॉग आहे, तिथे नेऊन द्या. शनिवारी आणि त्यांच्या सणाला जाऊ नका. बाकी दिवशी आधी विचारून जा, पुरुषांनी डोक्यावर टोपी किंवा रुमाल घ्यावा. पुण्यात रास्ता पेठेत, ठाण्यात, पनवेलला, भायखळ्याला अशीच जुनी घरं घेतलेल्या वाचकांनाही हेच सांगेन; त्या सगळ्या गावी सिनेगॉग आहेत. पोटमाळ्यावर हिब्रू किंवा मराठी प्रार्थनापुस्तकं सापडली तरी हीच रीत.

काढताना घाई नको. नळीभोवतीचा रंग लाकडी काडीने सोडवा, खिळे पकडीने सरळ ओढा. आतली गुंडाळी उलगडू नका, कितीही मोह झाला तरी. सुकलेलं चर्मपत्र तडकतं आणि अक्षर गेलं की गेलं. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. आणि एकच असेल असं धरून चालू नका. न्हाणीघर-संडास सोडून प्रत्येक खोलीच्या दाराला ती लावतात. माजघराच्या आणि परसाकडच्या दारांच्या उजव्या खांबावर रंगाखाली हात फिरवून बघा.

पुतण्याने काकांचा तिकडचा नंबर दिला, तर शुक्रवार दुपारपासून शनिवार रात्रीपर्यंत फोन लावू नका. रविवारी संध्याकाळी लावा. तिथलं घड्याळ आपल्यामागे हिवाळ्यात साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच तास. मराठीतच बोला. मुलीला शेजारी बसवा. पलीकडे ऐंशीच्या घरातलं कुणी असलं, तर मेझुझेचं दोन वाक्यांत संपेल आणि मग विहिरीला पाणी किती आहे, परसातला फणस अजून धरतो का, हे प्रश्न सुरू होतील. तेवढं आधी बघून ठेवा.